शून्य ठेवून पाहिले तर

चहा १५ रुपयांना, वडापाव २० रुपयांना आणि खिशात १२० रुपये. सगळे पैसे या दोनच गोष्टींवर उडवायचे ठरवले, तर काय काय घेता येईल? ४ चहा आणि ३ वडापाव बसतात. नुसता चहाच घ्यायचा तर ८ कप येतात. चहाला हातच लावायचा नाही असे ठरवले तर ६ वडापाव येतात. चहांची संख्या क्ष आणि वडापावांची संख्या य मानली, तर हा सगळा हिशेब १५क्ष + २०य = १२० एवढ्या एका ओळीत मावतो, आणि आलेखाच्या कागदावर त्या ओळीची एक तिरपी सरळ रेषा होते. या रेषेवर बिंदू अगणित असले, तरी तिची ओळख पटवायला दोनच बिंदू पुरतात. आडव्या अक्षावरचा ८ आणि उभ्या अक्षावरचा ६. पट्टी या दोहोंना लावली की रेषा तयार. शिवाय ८ चहांच्या जागी ६ वडापाव, म्हणजे ४ चहा सोडले की ३ वडापाव पदरात पडतात, हा विनिमयाचा दरही त्याच दोन आकड्यांतून निघतो. भाव काय होते आणि खिशात किती होते हे विसरले, तरी ८ आणि ६ लक्षात असले की व्यवहाराचा आकार हाती राहतो. सरळ रेषा निर्देशक अक्षांना जिथे छेदते, त्या दोन जागांचे महत्त्व हे असे आहे.

या जागा शोधण्याची कृती शाळेत सगळ्यांना शिकवली जाते. क्षच्या जागी शून्य ठेवा, यची किंमत काढा. मग यच्या जागी शून्य ठेवा, क्षची किंमत काढा. कृती दोन ओळींची, तरी तीत एक चूक हमखास होते. क्ष शून्य ठेवल्यावर मिळालेला बिंदू विद्यार्थी क्ष-अक्षावर मांडतात. ‘क्षचे गणित केले, म्हणजे बिंदू क्षच्याच रेघेवर असणार’ असा त्यांचा सरळ तर्क असतो, आणि तो चुकीचा ठरतो, कारण अक्ष म्हणजे नेमके काय हे तर्कात आलेलेच नसते. क्ष-अक्ष म्हणजे जिच्यावरच्या प्रत्येक बिंदूचा य शून्य आहे अशी रेषा. तिचे स्वतःचे समीकरण य = ० असे आहे. तसेच य-अक्षाचे समीकरण क्ष = ० असे आहे. चहाच्या उदाहरणात आडवा अक्ष म्हणजे ‘वडापाव बंद’ असा नियम आणि उभा अक्ष म्हणजे ‘चहा बंद’ असा नियम. हे एकदा ध्यानात आले की ‘शून्य ठेवा’ हा हुकूम राहत नाही, त्याला कारण मिळते. रेषेचे समीकरण आणि अक्षाचे समीकरण ही दोन्ही एकाच वेळी खरी ठरवणारा बिंदू आपण शोधत असतो. दहावीच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात येणारी एकसामयिक समीकरणे ती हीच; त्यांतले एक समीकरण फार सोपे असल्याने काम दोन ओळींत उरकते, एवढाच फरक.

अपवादही याच विचारातून आपोआप सुटतात. य = ५ ही रेषा क्ष-अक्षाला समांतर आहे. य एकाच वेळी ५ आणि ० असू शकत नाही, म्हणून ती त्या अक्षाला कधीच भेटत नाही. इथे कृती नेटाने करू पाहणाऱ्याला शून्याने भागण्याची पाळी येते आणि गणित तिथेच अडते. य = २क्ष ही रेषा आरंभबिंदूतून जाते. तिचे दोन्ही छेदनबिंदू एकाच ठिकाणी पडतात, म्हणून ती काढायला आणखी एखादा बिंदू शोधावा लागतो. आणि य = ० ही रेषा म्हणजे खुद्द क्ष-अक्षच; ती त्याला एका बिंदूत छेदत नाही, सगळीकडे त्याच्यावरच पडलेली असते. ही तीन उदाहरणे समजली की बीजगणितापुरता विषय संपला. या लेखाचे म्हणणे असे की इथे फक्त बीजगणित संपते. छेदनबिंदू काढणे हे काम दोन ओळींचे. तो काढल्यावर त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवण्याचे काम मोठे आहे, आणि ते कागदावरच्या चिन्हांकडे पाहून होत नाही. ज्या गोष्टीची ती रेषा आहे, त्या गोष्टीत शून्याचा अर्थ काय, हे आधी पाहावे लागते.

शून्याच्या अलीकडे-पलीकडे काय असते, हा प्रश्न माणसाला सहज सुटलेला नाही. य = २क्ष − ६ ही रेषा उभ्या अक्षाला −६ वर छेदते, असे आज आठवीतला मुलगाही म्हणेल. पण रेने देकार्त यांनी १६३७ साली लायडन शहरात छापलेल्या भूमितीच्या ग्रंथात बीजगणिताची भूमितीशी गाठ घातली, तेव्हा समीकरणाच्या ऋण उत्तरांना ते ‘खोटी’ उत्तरे म्हणत. आजच्यासारखे दोन्ही दिशांना पसरलेले, एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन अक्षही त्यांच्या पुस्तकात नव्हते; ते नंतरच्या लोकांनी घडवले. भारतात ब्रह्मगुप्तांनी इसवी सन ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम सांगितले होते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त तर याहून बोलके उदाहरण आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची नोंद आहे, ते हे बाराव्या शतकातले भास्कराचार्य. एका त्रिकोणाच्या दोन बाजू १० आणि १७, पाया ९. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला तर पायाचे दोन तुकडे किती होतील? गणित केले की उत्तरे १५ आणि −६ अशी येतात. पाया मुळात ९ चा, त्याचा तुकडा १५ चा कसा, आणि दुसरा ऋण कसा? भास्कराचार्यांनी त्या ऋण उत्तराचा अर्थ उलट्या दिशेची लांबी असा लावला: लंब पायावर पडतच नाही, पाया ६ एककांनी पलीकडे वाढवला तर तिथे पडतो. लंबाची उंची ८ आणि क्षेत्रफळ ३६ हेही त्यावरून बिनचूक मिळते. आलेखात ऋण छेदनबिंदू दिसला की नेमके असेच वाचायचे असते. रेषा अक्षाला भेटते, फक्त शून्याच्या दुसऱ्या अंगाला. त्या दुसऱ्या अंगाला काही अर्थ आहे का, हे मात्र प्रत्येक वेळी नव्याने विचारावे लागते.

रोजच्या व्यवहारात हा प्रश्न आपण नकळत विचारत असतो. जुन्या तराजूची दोन्ही पारडी रिकामी असतानाही काटा एका बाजूला झुकला, तर हलक्या पारड्याला खडा किंवा धातूचा तुकडा बांधून तो सरळ करीत. त्या तुकड्याला पासंग म्हणतात; ‘पासंगालाही पुरत नाही’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. खरे वजन आडव्या अक्षावर आणि तराजूने दाखवलेले वजन उभ्या अक्षावर मांडले, तर चांगल्या तराजूची रेषा आरंभबिंदूतून जाते: पारड्यात काही नाही तर वाचनही शून्य. काटा ५० ग्रॅमने जास्त दाखवत असेल, तर रेषेचा चढ तोच राहतो, पण ती उभ्या अक्षाला ५० वर छेदते. या दोषाची गंमत अशी की तो सगळ्यांना सारखा छळत नाही. ५ किलो घेणाऱ्याला ५० ग्रॅमचा फरक म्हणजे शंभरात एक. पाव किलो घेणाऱ्याला तोच फरक शंभरात वीस. चढातली चूक ज्याच्या-त्याच्या खरेदीच्या प्रमाणात वाटली जाते. छेदनबिंदूतली चूक थोडे घेणाऱ्याच्या माथी जास्त बसते. वीजबिलातल्या ‘स्थिर आकारा’चेही तसेच. महिनाभर घराला कुलूप असले, एकही युनिट जळले नाही, तरी तो भरावा लागतो. म्हणजे बिलाची रेषा उभ्या अक्षाला जिथे भेटते तो आकडा बिलावर छापूनच येतो.

पण ज्याला आपण असा ठोक आकार समजतो, तो प्रत्येक वेळी छेदनबिंदू असतोच असे नाही. मुंबई महानगर क्षेत्रात १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये झाले आणि त्यात पहिला दीड किलोमीटर धरला गेला. पुढच्या प्रत्येक किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. वाटते असे, की टॅक्सीत बसण्याचेच म्हणून काहीतरी वेगळे आकारले जात असावे. रेषा मागे वाढवून पाहू. दीड किलोमीटरचे त्याच दराने २० रुपये ६६ पैशांप्रमाणे ३० रुपये ९९ पैसे होतात. ३१ मधून ते वजा केले तर उरतो १ पैसा. म्हणजे भाड्याची रेषा मागे खेचली तर ती जवळजवळ आरंभबिंदूतूनच जाते. टॅक्सीत बसण्याचे वेगळे काहीच घेतले जात नाही. ३१ रुपये ही रेषेला खालून घातलेली फळी आहे, दीड किलोमीटरच्या आत उतरणाऱ्याला ती लागते, एवढेच. आता याच्या उलट उदाहरण. समजा, एखाद्या वीजदरात स्थिर आकार १३० रुपये, पहिली १०० युनिटे ५ रुपयांनी आणि पुढची ११ रुपयांनी आहेत. शंभराच्या पुढचे बिल १३० + ५०० + ११ × (युनिटे − १००), म्हणजे ११ × युनिटे − ४७० असे होते. ही रेषा मागे नेली तर ती उभ्या अक्षाला −४७० वर छेदते. शून्य युनिटे वापरणाऱ्याला वीज कंपनी ४७० रुपये परत करणार का? अर्थातच नाही. शंभर युनिटांच्या खाली ती रेषा लागूच नाही. गणित दोन्हीकडे सारखेच बिनचूक आहे. पहिल्या उदाहरणात छेदनबिंदूने भाड्याची रचना उघड केली, दुसऱ्यात त्याने आपल्याला रेषेच्या हद्दीबाहेर नेऊन सोडले. फरक समीकरणात नाही, तो दरपत्रकात आहे.

यावर असे म्हणता येईल की मग नियम सोपा आहे: जिथपर्यंत मोजमाप केले तिथपर्यंतच रेषा खरी, पुढे-मागे तिला वाढवूच नये. हा सावधपणा शहाणपणाचा वाटतो. पण तो काटेकोर पाळला असता तर विज्ञानाच्या इतिहासातला एक फार मोठा आकडा हाती लागला नसता. फ्रान्समध्ये झाक शार्ल यांनी १७८७ च्या सुमारास वायू तापवल्यावर किती फुगतात यावर प्रयोग केले, पण ते छापले नाहीत. १८०२ मध्ये गे-ल्युसॅक यांनी स्वतःचे काटेकोर प्रयोग प्रसिद्ध केले आणि शार्ल यांच्या आधीच्या कामाचे श्रेय त्यांना दिले. गे-ल्युसॅक यांना असे आढळले की दाब कायम ठेवला तर ० अंश सेल्सिअसला १०० भाग असलेला वायू १०० अंशांना १३७.५ भाग होतो, मग तो वायू कोणताही असो. तापमान आडव्या अक्षावर आणि आकारमान उभ्या अक्षावर घेतले तर समीकरण होते: आकारमान = १०० + ०.३७५ × तापमान. या रेषेचा उभ्या अक्षावरचा छेदनबिंदू १०० आहे, आणि त्यात नवल काही नाही. तो आपणच ठरवून घेतला होता. आडव्या अक्षावरचा छेदनबिंदू काढायचा तर आकारमान शून्य ठेवायचे. १०० ला ०.३७५ ने भागले की २६६.७ येतात, म्हणजे रेषा शून्याच्या खाली सुमारे २६७ अंशांवर तापमानाच्या अक्षाला भेटते. १८४० च्या दशकात हेन्री व्हिक्टर रेन्यो यांनी अधिक नेटक्या मोजणीने तो वाढीचा आकडा ३७.५ वरून साडेछत्तीस-पावणेसदतीसच्या आसपास आणला. १८४८ मध्ये, अजून पंचविशीही न गाठलेल्या विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिन यांनी, आपल्या निबंधात हाच भागाकार मांडला: उणे १०० भागिले ०.३६६. उत्तर आले उणे २७३. दहावीच्या विद्यार्थ्याला येणारे हे गणित. त्यातून विश्वातल्या थंडीची सीमा कागदावर उमटली.

या गणितात एक धोकाही लपलेला आहे, तो मुद्दाम पाहण्यासारखा आहे. गे-ल्युसॅक यांचा १३७.५ आणि आजच्या मोजणीतून येणारा सुमारे १३६.६, यांत अंतर आहे जेमतेम ०.९ भागांचे, मूळ आकारमानाच्या शेकडा एकाहूनही कमी. पण छेदनबिंदूत त्यामुळे पडणारा फरक साडेसहा अंशांचा आहे. असे का व्हावे? कारण मोजलेले बिंदू ० ते १०० अंशांच्या टापूत होते आणि अक्ष गाठायला तिथून अडीचशेहून जास्त अंश मागे जावे लागत होते. लांब काठीचे एक टोक हातात धरून मनगट केसभर वळवले तर दुसरे टोक हातभर हलते, तसे हे आहे. मोजलेल्या बिंदूंपासून अक्ष जितका दूर, तितका चढातला किरकोळ दोष अक्षावर मोठा होऊन उमटतो. म्हणून छेदनबिंदू सांगताना नुसता आकडा सांगणे अपुरे आहे. तो किती दुरून खेचून आणला आहे, हेही त्याच्याबरोबर सांगितले पाहिजे.

मात्र या उदाहरणावर खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो वजनदार आहे. वायूचे आकारमान शून्य होईल कसे? कणांना स्वतःची जागा लागतेच. शिवाय तिथवर जाईपर्यंत वायू वायू राहतच नाहीत. ऑक्सिजन उणे १८३ अंशांना आणि नायट्रोजन उणे १९६ अंशांना द्रवरूप होतो. सर्वांत चिवट हेलियम, तोही देकार्त यांचा ग्रंथ जिथे छापला गेला त्याच लायडनमध्ये कामर्लिंग ओनेस यांनी १० जुलै १९०८ रोजी द्रवरूप केला, उणे २६९ अंशांच्या आसपास. म्हणजे एकही वायू ती रेषा अक्षापर्यंत चालून दाखवत नाही. मग विजेच्या दरातल्या −४७० रुपयांसारखाच हा उणे २७३ सुद्धा रेषेच्या हद्दीबाहेरचा भास का मानू नये?

उत्तर असे की एका रेषेकडे पाहिले तर आक्षेप बिनतोड आहे. पण इथे रेषा एक नाही. हवा घ्या, हायड्रोजन घ्या, कार्बन डायऑक्साइड घ्या. एक लिटर घ्या किंवा दहा लिटर. प्रत्येकाची रेषा निराळी, प्रत्येकीचा चढ निराळा, उभ्या अक्षाला प्रत्येक रेषा वेगळ्या उंचीवर छेदते. पण मागे वाढवल्या तर या सगळ्या रेषा तापमानाच्या अक्षावर एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि वायू जितका विरळ घ्यावा तितकी ही गाठ घट्ट होत जाते. एकमेकांशी संबंध नसलेले साक्षीदार एकाच घराकडे बोट दाखवू लागले, तर त्यांतल्या कोणीही ते घर आतून पाहिलेले नसले तरी तिथे काहीतरी आहे असे मानणे भाग पडते. वायूचे आकारमान खरोखर शून्य होते, असा या छेदनबिंदूचा अर्थ नव्हताच. तापमान मोजण्याचे खरे शून्य कुठे आहे, हे तो सांगत होता. पुढे उष्णतेच्या शास्त्राने, वायूचा आधार न घेता, स्वतंत्र वाटेने तीच जागा गाठली. केल्व्हिन यांच्या मापनाने मग जे केले त्याला आलेखाच्या भाषेत एकच नाव आहे: उभा अक्ष उचलून छेदनबिंदूवर नेऊन ठेवणे. तिथे नेल्यावर रेषा आरंभबिंदूतून जाऊ लागली आणि ‘१०० अधिक अमुक गुणिले तमुक’ हे लफडे संपून आकारमान सरळ तापमानाच्या प्रमाणात आले. सेल्सिअसचे शून्य पाण्याच्या गोठण्यावर बेतलेले, म्हणजे माणसाच्या सोयीचे. वायूला पाण्याचे काय देणेघेणे? एकाच रेषेच्या दोन छेदनबिंदूंपैकी एक आपण नेमलेला होता आणि दुसरा निसर्गाने. फॅरनहाइटचे मापन वापरले तर पहिल्याची जागाच बदलते, दुसऱ्याला −२७३.१५ ऐवजी −४५९.६७ हा आकडा मिळतो, पण तो बिंदू जागचा हलत नाही.

याच्या नेमके उलटे उदाहरण प्रकाशाच्या अभ्यासात सापडते. धातूवर प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी असे मांडले की बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त ऊर्जा आणि प्रकाशाची वारंवारता यांचा आलेख सरळ रेषा असला पाहिजे. रॉबर्ट मिलिकन यांना ही कल्पना पटत नव्हती. त्यांनी शिकागोत वर्षानुवर्षे खपून प्रयोग केले आणि १९१६ मध्ये जे छापले त्यात आइन्स्टाइन यांची रेषा जशीच्या तशी उतरलेली होती. ही रेषा वारंवारतेच्या अक्षाला जिथे छेदते त्याच्या खालच्या वारंवारतेचा प्रकाश कितीही प्रखर केला तरी एकही इलेक्ट्रॉन सुटत नाही. उभ्या अक्षावर ती शून्याच्या खाली छेदते. तिथे वारंवारता शून्य, म्हणजे प्रकाशच नाही, आणि ऊर्जा ऋण. प्रयोगशाळेत असा प्रसंग कधी येणार नाही. तरीही तो ऋण आकडा अर्थपूर्ण आहे: इलेक्ट्रॉनला त्या धातूतून सुटण्यासाठी भरावी लागणारी ऊर्जेची किमान किंमत. धातू बदलला की ही किंमत बदलते, रेषा वर-खाली सरकते, पण तिचा चढ बदलत नाही. सर्व धातूंना तो सारखाच, आणि त्यातूनच प्लांक यांचा स्थिरांक मिळतो. वायूंच्या रेषांचे चढ निरनिराळे आणि छेदनबिंदू एक. धातूंच्या रेषांचा चढ एक आणि छेदनबिंदू निरनिराळे. पहिल्या ठिकाणी छेदनबिंदू हा निसर्गाचा नियम झाला, दुसऱ्या ठिकाणी तो त्या-त्या धातूची ओळख झाला. तेव्हा छेदनबिंदू महत्त्वाचा की चढ, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. अनेक रेषा एकमेकींशेजारी ठेवून काय बदलते आणि काय बदलत नाही ते पाहिले, तरच कळते.

रेषा मागे वाढवण्याची बाजू एवढी मांडल्यावर तिच्या विरुद्धचा पुरावाही तितक्याच प्रामाणिकपणे पाहिला पाहिजे. पाच वर्षांच्या मुलाची उंची ढोबळमानाने ११० सेंटिमीटर असते आणि दहा वर्षांच्या मुलाची सुमारे १३८. मधल्या वर्षांत वाढ बरीचशी एकसारखी, म्हणजे वर्षाला ५.६ सेंटिमीटर. रेषा मागे नेली तर वय शून्य असताना उंची ८२ सेंटिमीटर येते. नवजात बाळ प्रत्यक्षात ५० सेंटिमीटरच्या आसपास असते. आडव्या अक्षावरचा छेदनबिंदू तर आणखी विनोदी आहे: जन्माच्या सुमारे साडेचौदा वर्षे आधी त्या मुलाची उंची शून्य होती! इथे चूक भागाकारात नाही. पहिल्या दोन वर्षांत मूल फार झपाट्याने वाढते, तो वेग पाच ते दहा वर्षांच्या रेषेत उतरलेलाच नाही. वायूच्या बाबतीत रेषा मागे सरळच का राहावी, याला सिद्धांताचा आणि अनेक वायूंच्या एकमताचा आधार होता. इथे असा कुठलाच आधार नाही; सगळी मुले मागे जाऊन एका बिंदूत मिळत नाहीत. म्हणजे ‘रेषा कधीच वाढवू नका’ हाही नियम चालत नाही आणि ‘सूत्र आहे ना, मग शून्य ठेवा’ हाही चालत नाही. या दोन्हींच्या मधे तीन प्रश्न उभे आहेत. त्या ठिकाणी शून्य म्हणजे प्रत्यक्षात काय? रेषा तिथपर्यंत सरळच राहील असे मानायला आधार कोणता? आणि मोजलेल्या बिंदूंपासून तो अक्ष किती दूर आहे? या प्रश्नांना उत्तरे मिळाली तर छेदनबिंदू हा शोध असतो. नाही मिळाली तर तो नुसता भागाकार असतो.

शेवटचा आक्षेप शिक्षकांच्या बाजूचा आहे. वर्गात साठ मुले, अभ्यासक्रम मोठा, परीक्षा तोंडावर. मुलांना आधी कृती तरी नीट येऊ द्या, अर्थाचे नंतर बघू. कृती आली पाहिजे यात वाद नाही, आणि ती सरावानेच येते. पण अर्थ नंतर सांगितल्याने वेळ वाचतो हे मात्र खरे नाही. क्ष शून्य ठेवून बिंदू चुकीच्या अक्षावर मांडणारा मुलगा कृती विसरलेला नसतो, त्याला अक्षाचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो. ‘चहा बंद’ म्हणजे उभा अक्ष, हे एकदा कळलेल्या मुलाला तो नियम पाठ करावा लागत नाही. शिवाय आजच्या काळात छेदनबिंदू काढून देणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. ते उणे २७३ आणि उणे साडेचौदा हे दोन्ही आकडे सारख्याच आत्मविश्वासाने दाखवते. यांतला कुठला जपून ठेवायचा आणि कुठला हसून सोडून द्यायचा, ते दाखवत नाही. एखादा बचत गट महिना १२,००० रुपये भाड्याच्या जागेत लाडू वळत असेल आणि पुड्यामागे १५ रुपये सुटत असतील, तर नफ्याची रेषा ८०० पुड्यांवर अक्ष ओलांडते. त्या बिंदूला बाया ‘ना नफा ना तोटा’ म्हणतात आणि महिन्याच्या कितव्या तारखेला तो येतो इकडे त्यांचे डोळे असतात. आलेखाच्या कागदावर हे कधीही न मांडता त्यांना छेदनबिंदूचा अर्थ पुरता ठाऊक आहे. वर्गातल्या मुलांकडून फळ्यावरचे गणित सुटल्यावर, उत्तराखाली दोन रेघा मारण्याआधी, एवढे एकच वाक्य लिहून घ्यावे: इथे शून्य म्हणजे काय? दहा गुणांच्या प्रश्नात त्याला एक गुण दिला, तरी मुले ते लिहू लागतील.